पळसगावचा यशवंत, टायबरचे खोरे

श्रोतेहो, आज ज्या तरुणाचे स्मरण करण्यासाठी आपण जमलो आहोत, त्याचे नाव यशवंत घाडगे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१, गाव माणगाव तालुक्यातले पळसगाव, जिल्हा तेव्हाचा कुलाबा आणि आजचा रायगड. मृत्यू १० जुलै १९४४ रोजी, इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. तेविसावे वर्ष पुरे व्हायला चार महिने होते. मी त्याचा उल्लेख एकेरी करणार आहे, तो अनादराने नव्हे. अहो-जाहो सुरू केले की हा मुलगा पुतळ्यात जाऊन बसतो, आणि मला तो मुलगा म्हणून तुमच्यासमोर आणायचा आहे.

पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत तो नाईक होता, म्हणजे दंडावर दोन फिती आणि हाताखाली एक छोटी तुकडी. जून १९४४ च्या सुरुवातीला रोम पडले होते आणि जर्मन सैन्य प्रत्येक टेकडी लढवीत उत्तरेकडे मागे सरत होते. अशाच एका ठाण्यावर त्याच्या कंपनीने हल्ला केला, तेव्हा अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि त्याच्या तुकडीतला प्रत्येक जवान ठार किंवा जखमी होऊन कोसळला. उभा राहिला तो एकटा यशवंत. मागून कोणी येणार नाही हे ठाऊक असूनही तो त्या मशीनगनवर धावून गेला. हातबॉम्ब टाकून त्याने गन आणि ती चालवणारा निकामी केला, दुसऱ्याला टॉमीगनने टिपले आणि नवे मॅगझिन चढवायला वेळच नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याच्या घावांनी मारले. त्यानंतर लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जे ठाणे त्याने एकट्याने जिंकले होते, त्याच ठाण्यात त्याने प्राण सोडला.

हे वर्णन त्याला मरणोत्तर मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या सर्वोच्च युद्धशौर्यपदकाच्या, मानपत्रात आहे, आणि शौर्यगीतात ते घालताना आपण शेवटचे घाव सहसा गाळतो. मला ते गाळावेसे वाटत नाहीत. समोरची माणसेही कुणाची तरी मुले होती, आणि तेविसाव्या वर्षी हाताने माणूस मारण्याची वेळ ज्याच्यावर आली, त्याच्या वाट्याला काय आले हे त्या घावांखेरीज कळत नाही.

शिवाय तो लढला कोणासाठी, हा प्रश्न टाळून त्याचे स्मरण प्रामाणिकपणे करता येत नाही. त्याच जुलै महिन्यात नेहरू आणि पटेल अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते, साताऱ्यात प्रतिसरकार उभे होते, आणि कोकणातला हा मुलगा इंग्रजांच्या निशाणाखाली फॅसिझमच्या विरोधात लढत होता. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांतली एक दाबली की तो अर्धाच उरतो. माणगाव-महाडच्या मुलखात फौजेत जाणे ही पिढ्यांची रीत होती. महाडजवळचे फौजी आंबवडे तर नावातच ती मिरवते. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांचे होते, आणि त्यांत निमजचे नामदेव जाधव होते, जे सुदैवाने परत आले.

यशवंत परत आला नाही, आणि त्याला थडगेही नाही. इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मशानभूमीत, ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे दगडात कोरलेली आहेत, त्यांत त्याचे नाव आहे. हे वाचताना मला आपल्या गावांच्या वेशीवरचे वीरगळ आठवतात. वीरगळावर खाली लढाई असते, मध्ये अप्सरा वीराला नेत असतात, वर तो शिवपिंडीची पूजा करीत असतो. सारे काही असते, फक्त बहुतेक वेळा नाव नसते. कॅसिनोत नाव तेवढे आहे, बाकी काही नाही.

जिथे तो पडला त्या परिसरातल्या मोंतोने गावाने जुलै २०२३ मध्ये इटालियन लष्करी इतिहासकारांच्या साथीने त्याचे स्मारक उभारले, तेही सूर्यघड्याळाच्या रूपात. आपण सारे एकाच सूर्याखाली जगतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर कोरले आहे. इकडे माणगावच्या तहसील कचेरीत त्याचा पुतळा आहे. दहा जुलै म्हणजे तिकडे ऐन उन्हाळा, सूर्यघड्याळाची सावली धारदार पडण्याचे दिवस. आणि पळसगावच्या बाजूला भातलावणीची घाई, चिखलात वाकलेली माणसे आणि थांबायचे नाव न घेणारा पाऊस. १९४४ च्या त्या सोमवारीही, तो त्या टेकडीवर धावत असताना, त्याच्या गावाकडे लावणीचेच दिवस होते.