अर्जातला एक रकाना : बर्लिनमधल्या द्विभाषिक शाळा आणि घरची मराठी

(बर्लिनमधल्या मराठी पालकांसमोर संक्रांतीच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं मांडीवर आहेत किंवा मागच्या खोलीत तिळगुळावर ताव मारतायत. म्हणजे शाळेचा प्रश्न तुमच्या दाराशी आला आहे, किंवा येत्या दोन-तीन वर्षांत येणार आहे. मी सांगलीकडे प्राथमिक शाळेत शिकवत होते. आता चौदा वर्षं बर्लिनमध्ये आहे, दोन मुली इथल्याच शाळांत शिकल्या. त्या अनुभवातून बोलणार आहे.

आधी नियम सांगते, कारण ते माहीत नसल्यामुळे घाई होते आणि घाईत चुका होतात. बर्लिनमध्ये जे मूल ३० सप्टेंबरपर्यंत सहा वर्षांचं होतं, त्याला त्या वर्षी शाळेत जावंच लागतं. नाव नोंदवायचं असतं आदल्या वर्षी, पानगळीच्या दिवसांत. तुम्ही राहता त्या भागाची शाळा ठरलेली असते. दुसरी हवी असेल तर तसं अर्जात लिहायचं. प्राथमिक शाळा सहावीपर्यंत. त्याआधी किटा, म्हणजे इथलं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. वर्षाच्या मुलाला किटात जागा मिळण्याचा हक्क जर्मनीत २०१३ पासून कायद्याने आहे, आणि बर्लिनमध्ये २०१८ पासून किटाची फी नाही, फक्त जेवणाचे पैसे. हे मुद्दाम सांगते, कारण शाळेची निवड खरं म्हणजे किटापासूनच सुरू होते. त्यावर पुढे बोलू.

आता द्विभाषिक शाळा. बर्लिनमध्ये सरकारी ‘युरोपा शाळा’ आहेत. १९९२ मध्ये इंग्रजी, फ्रेंच आणि रशियन या भाषांपासून त्यांची सुरुवात झाली. नंतर स्पॅनिश, इटालियन, ग्रीक, पोर्तुगीज, पोलिश, तुर्की आल्या. कल्पना सुंदर आहे. वर्गात अर्धी मुलं जर्मनवाली, अर्धी दुसऱ्या भाषेची. गणित जर्मनमधून, परिसर-अभ्यास दुसऱ्या भाषेतून. वाचायला-लिहायला मूल आधी आपल्या पक्क्या भाषेत शिकतं, मग दुसरीत. फी नाही. याशिवाय खाजगी द्विभाषिक शाळा आहेत, त्यांना फी आहे. पूर्ण इंग्रजी आंतरराष्ट्रीय शाळा आहेत, त्यांची फी ऐकून छातीत धस्स होतं. आणि आपल्या गल्लीतली साधी जर्मन शाळा आहे, जिचा विचार आपले लोक सगळ्यात शेवटी करतात.

आपल्यातले बहुतेक जण बघतात ती जर्मन-इंग्रजी युरोपा शाळा. आणि इथेच अडकायला होतं. या शाळेत जायचं तर मुलाची एक भाषा मातृभाषेइतकी पक्की असावी लागते, एक तर जर्मन नाहीतर इंग्रजी. त्याची चाचणी होते. आपल्या मुलाची पक्की भाषा असते मराठी. अर्जात तिच्यासाठी जागा नाही. मग घरोघरी काय होतं, ते मला फार जवळून माहीत आहे, कारण माझ्याच घरात झालं.

थोरली चार वर्षांची होती. आम्ही दोघांनी ठरवलं, आता घरात फक्त इंग्रजी. आठ महिने. ताटावर, आंघोळीला, झोपताना. मराठीत काही मागितलं तर मी म्हणायची, ‘से इट इन इंग्लिश.’ साताऱ्याला आजीचा फोन लागला की ही सांगायची, ‘आजी, आय अ‍ॅम ईटिंग पोळी.’ तिकडून आजी आजोबांना हाक मारायची, ‘अहो, बघा हो काय म्हणतीये पोर.’ आणि फोन आजोबांकडे जायचा. हळूहळू ती फोनवर यायलाच नको म्हणू लागली. मला तेव्हा वाटलं, वय आहे, लाजत असेल.

चाचणीच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर होते. दार अर्धं उघडं. बाईंनी चित्र दिलं, झाडावर मांजर, खाली मुलगा, हातात शिडी. इंग्रजीत गोष्ट सांग म्हणाल्या. ‘कॅट... ट्री... बॉय...’ आणि मग शांतता. बाईंनी वाट पाहिली. मग ती बोलू लागली, मराठीत. ‘मांजर वर गेलंय. आता त्याला उतरता येत नाही. तो मुलगा म्हणतोय घाबरू नकोस, मी शिडी आणलीये. पण शिडी छोटी आहे ना...’ भरभरून सांगत होती. बाईंनी तिला थांबवलं नाही. बाहेर येऊन मला म्हणाल्या, किती छान सांगते गोष्ट, कुठली भाषा आहे ही? प्रवेश मिळाला नाही. नियमाप्रमाणे बरोबरच होतं. चूक आमची होती. जी भाषा तिला येत होती, ती आम्ही आठ महिने बंद ठेवली होती, आणि जी येत नव्हती ती आठ महिन्यांत पक्की होणार नव्हती.

त्यानंतर मी वाचायला बसले. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक फरक दाखवला. नव्या भाषेतली खेळातली, बाजारातली बोली मूल साधारण दोन वर्षांत उचलतं. पण पुस्तकाची भाषा, कारण सांगायची, तुलना करायची, गोष्ट शेवटापर्यंत न्यायची भाषा, तिला पाच ते सात वर्षं लागतात. आणि दुसरी गोष्ट त्यांनीच मांडली, जी माझ्यासाठी अधिक मोलाची ठरली: ही समज एका भाषेत तयार झाली की ती दुसऱ्या भाषेत वापरता येते. शिडी छोटी आहे, म्हणून मुलगा वर पोचणार नाही, हा विचार तिने मराठीत केला होता. जर्मनमध्ये तिला फक्त शब्द हवे होते.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. आपली मराठी ही जर्मनची फार चांगली पूर्वतयारी आहे. आकडे घ्या. आपण म्हणतो चोवीस, म्हणजे आधी चार, मग वीस. जर्मन माणूस म्हणतो ‘फिअर-उंट-त्स्वान्त्सिश’, चार आणि वीस. पस्तीस, ‘फ्युन्फ-उंट-ड्रायसिश’. इंग्रजीत आधी वीस, मग चार. पहिलीत जर्मन मुलंसुद्धा ऐकून चोवीसच्या जागी बेचाळीस लिहितात. आपल्याकडे पाटीवर तेच होतं. इंग्रजीतून आलेल्या मुलाला हा उलटा क्रम नव्याने शिकावा लागतो, मराठी मुलाला तो कानातच असतो. (एकोणतीसची अडचण तेवढी आपली स्वतःची.)

लिंगाचंही तसंच. इंग्रजीत वस्तूंना लिंग नाही, हिंदीत दोन, मराठीत तीन, जर्मनमध्येही तीन. डेअर, डी, दास म्हणजे तो, ती, ते. तो चमचा, तो काटा, ती सुरी. जर्मनमध्ये चमचा तो, काटा ती, सुरी ते. जुळत नाही, पण वस्तूला लिंग असतं आणि ते पाठच करावं लागतं, हे मराठी मुलाला समजावून सांगायची गरज नाही. धाकटी किटातून एकदा आली आणि म्हणाली, ‘आई, मला हुंगर लागलाय.’ लागलाय म्हणाली, लागलीये नाही. भूक आपल्याकडे ती आहे, जर्मनमध्ये तो. साडेतीन वर्षांच्या मुलीने जर्मन शब्द घेतला, त्याचं लिंगही सोबत घेतलं आणि मराठी क्रियापद त्याला बरोबर लावलं. याला लोक भाषेचा घोटाळा म्हणतात. मला त्यात दोन्ही व्याकरणं जागी दिसतात.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. शाळा कुठलीही निवडा, पण चाचणीसाठी घरातली मराठी काढून तिथे इंग्रजी बसवू नका. मूल किटात घाला, लवकर घाला, जर्मन किटात घाला, जर्मन तिथे येईल. घरात मराठी. इंग्रजी? ती तुमच्या मुलाला येणारच आहे, इथल्या साध्या शाळेतही शिकवतात. तुम्ही दोन-तीन वर्षांसाठी कंपनीकडून आला असाल आणि पुढे पुण्याला किंवा सिंगापूरला जाणार असाल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा इंग्रजी माध्यमाला अर्थ आहे. पण ज्यांनी घर घेतलंय, ज्यांचं नागरिकत्वाचं बोलणं चालू आहे, त्यांच्या मुलाच्या मित्रांची भाषा जर्मन असणार आहे.

द्विभाषिक शाळा बघायला गेलात तर माहितीपत्रकाऐवजी मधली सुट्टी बघा. मैदानावर मुलं कुठल्या भाषेत भांडतात? तीच शाळेची खरी भाषा. दुसऱ्या भाषेचे विषय कोण शिकवतं ते विचारा, पूर्ण प्रशिक्षित शिक्षिका की आठवड्यातून दोनदा येणारी मदतनीस. कुठला विषय कुठल्या भाषेत, ते वर्षागणिक विचारा. आणि हे नक्की विचारा, ज्या मुलाच्या घरी तिसरी भाषा आहे, त्याचं तुम्ही काय करता? उत्तर देताना शिक्षिकेचा चेहरा बघा. काही शाळांत त्या भाषेत एक गाणं म्हणायला लावतात, आजीला बोलावतात. काही ठिकाणी ‘घरीही जर्मन बोला’ असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. मोडकं जर्मन तुमच्याकडून शिकण्यापेक्षा चांगलं मराठी शिकू दे. आणि अंतर बघा. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत रोज दोन तास एसबानमध्ये, म्हणजे लोकल गाडीत, बसणाऱ्या मुलाला दुपारी खेळायला मित्र उरत नाहीत.

मागे कुणीतरी विचारलं होतं, शनिवारची मराठी शाळा पुरेल का? ती हवीच. तिथे देवनागरी येते, सोबती मिळतात. पण शाळेच्या जोरावर भाषा टिकत नाही, हे आपल्याच लोकांनी पाहिलंय. मॉरिशसला १९व्या शतकात कोकणातून मजूर गेले. त्यांच्या वंशजांना आज तिथल्या शाळांत मराठी विषय म्हणून शिकता येतो, पण बहुतेक घरांत बोलणं क्रिओलमध्येच. उलट तंजावरची मराठी मंडळी. व्यंकोजीराजांच्या काळापासून, साडेतीनशे वर्षं, सगळीकडे तमिळ, शाळा तमिळ नाहीतर इंग्रजी, आणि तरी कित्येक घरांत अजून मराठी बोलतात. तिला तमिळचा वास आहे, असू दे. ती स्वयंपाकघरात राहिली म्हणून राहिली.

थोरली शेवटी आमच्या गल्लीच्या जर्मन शाळेत गेली. पहिल्या दिवशी हातात तिच्याएवढी उंच शुलट्यूटे, खाऊने भरलेला कागदी कोन. आत मी शेंगदाण्याचे लाडू घातले होते आणि आजीने मराठीत लिहिलेलं पत्र. तिला ते वाचता आलं नाही. मी वाचून दाखवलं. तिसरीत असताना तिने स्वतः वाचलं. दोन ओळींत अडखळली, पण वाचलं, आणि मग आजीला फोन लावायला सांगितला.

यंदाच्या अर्जाची कोरी प्रत मी आणली आहे. चहा झाला की माझ्याकडे या. त्यात एक रकाना आहे, घरी कुठली भाषा बोलता. बरेच जण तिथे जर्मन किंवा इंग्रजी लिहितात, मुलाचं नुकसान होईल या भीतीने. आधी तो आपण मिळून भरू.