एचआरची डिग्री : बडोद्यातल्या एका घराचा हिशोब

(दृश्य : बडोद्याची मकरपुरा जीआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत, सकाळ. एका कारखान्याच्या गेटवर पाळी बदलते आहे.)

रात्रपाळी बाहेर पडतेय, पहिली पाळी आत चाललीय. कुणाची हजेरी लागली, कुणाचा ओव्हरटाइम किती झाला, ठेकेदारानं आपल्या माणसांचा पीएफ भरला की नाही, हा सगळा हिशोब गेटच्या आत एका लहानशा खोलीत ठेवला जातो. दारावर पाटी एचआरची, म्हणजे मनुष्यबळ विभागाची. या खोलीतली खुर्ची मिळावी म्हणून बडोद्यातली कितीतरी मुलं-मुली दरवर्षी दोन वर्षं आणि लाखो रुपये मोजायला तयार होतात.

(दृश्य : दांडिया बाजार. जुन्या घरातली बैठकीची खोली.)

हे त्यांतलंच एक मराठी घर. मुलगी बी.कॉम. झालेली. एका ठेकेदाराच्या ऑफिसात पगारपत्रकं करते, महिन्याला 16,000 रुपये मिळतात. तिला एचआरमध्ये पुढे शिकायचंय. टेबलावर तीन संस्थांची माहितीपत्रकं आहेत.

"किती कर्ज काढावं लागेल गं?" वडील विचारतात.

"खासगीत गेले तर फी, लॅपटॉप, इंटर्नशिपसाठी मुंबईला राहणं, सगळं धरून दहा लाखांच्या घरात जाईल, बाबा."

आई एवढंच म्हणते, "पण नोकरी लागेल ना नक्की?"

आईचा प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याच्या पुढचा प्रश्नही विचारायला हवा : कसली नोकरी, आणि हातात काय पडणार?

मांडूनच बघू. दहा लाखांचं कर्ज, व्याज दहा टक्के, मुदत दहा वर्षं. हप्ता बसतो 13,215 रुपयांचा. मुदत संपेपर्यंत बँकेत जमा होतात 15 लाख 85 हजारांहून जास्त, आणि यात शिकत असतानाच्या काळाचं व्याज अजून धरलेलंच नाही. आता पहिली नोकरी 25,000 रुपयांची लागली असं समजू. मूळ पगार 15,000 असेल तर त्यावर 12 टक्क्यांनी पीएफचे 1,800 कापले जातात. गुजरातचा व्यवसाय कर 200. राहिले 23,000. हप्ता गेल्यावर हातात उरतात 9,785 रुपये. डिग्री नसताना आज ती 16,000 कमावते. शिवाय पूर्ण वेळ शिकायचं म्हणजे दोन वर्षांचा हा पगारही बुडाला. तो होतो 3 लाख 84 हजार. माहितीपत्रकात हा आकडा कधीच नसतो, पण घराला तो सोसावा लागतोच.

कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट मिळते, असंही सांगितलं जातं. मिळते, आठ वर्षं. पण जुन्या करपद्धतीतच. नव्या पद्धतीत ही सूट नाही. आणि 25,000 पगाराच्या माणसाला आयकर बसतच नाही, तर सूट कशातून मिळणार?

मग डिग्री घेऊच नये का? घ्यावी. आणि बडोद्यात राहणाऱ्यानं तर जरूर विचार करावा, कारण या शहराला या कामाची खरी गरज आहे. अलेम्बिक इथं 1907 पासून आहे. पुढे साठच्या दशकात एकामागून एक मोठे कारखाने आले : 1962 मध्ये जीएसएफसीची स्थापना झाली, 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, 1969 मध्ये आयपीसीएल उभी राहिली. रावपुऱ्यातल्या, दांडिया बाजारातल्या मराठी घरांत विचारा, कुणाचे ना कुणाचे काका, मामा तिथं चिकटलेले असतात. आज हालोल, सावली, वाघोडिया, पादरा अशा चारी बाजूंना कारखाने पसरलेत.

आणि कारखाना आला की कायदा येतो. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 49 नुसार 500 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथं कल्याण अधिकारी, म्हणजे कामगारांच्या सोयी-तक्रारी बघणारा एचआरचा माणूस, नेमणं बंधनकारक होतं. त्याची शैक्षणिक पात्रता काय असावी, हे ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, आणि त्यांतल्या सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत हा आकडा 250 वर आणला आहे. म्हणजे आजवर ज्या मध्यम कारखान्यांना ही सक्ती नव्हती, ते आता तिच्या कक्षेत आले. एचआरच्या बाकी पदांवर मालकाची मर्जी चालते; या पदामागे मात्र कायदा उभा आहे.

(दृश्य : फतेहगंज. समाजकार्य विद्याशाखेची इमारत.)

आता दुसरं माहितीपत्रक. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची समाजकार्य विद्याशाखा. इथं समाजकार्याबरोबर मनुष्यबळ व्यवस्थापनाचीही पदव्युत्तर पदवी मिळते. फीचा बोजा खासगी संस्थेच्या मानानं कितीतरी हलका. पण मला फीपेक्षाही मोठी वाटते ती अभ्यासाबरोबर चालणारी क्षेत्रकार्याची परंपरा. विद्यार्थी शिकता शिकताच कामगारांमध्ये जातात, त्यांच्याशी बोलतात, कॅन्टीन बघतात, तक्रारी ऐकतात. दोन वर्षं वातानुकूलित वर्गात 'लीडरशिप'वर सादरीकरणं करून जे येत नाही, ते इथं येतं.

(दृश्य : टेबलावर कॅल्क्युलेटर आणि एक हिशोबाचा कागद.)

हा कागद जरा जवळून बघा. बावीस वर्षं नोकरी केलेला एक ऑपरेटर निवृत्त होतोय. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 20,000 रुपये. त्याची ग्रॅच्युइटी, म्हणजे इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल मालकानं द्यायची एकरकमी रक्कम, काढायची आहे. नियम असा की वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि एका दिवसाचा पगार काढताना महिना 26 दिवसांचा धरायचा, कारण साप्ताहिक सुट्ट्या वगळायच्या. 20,000 ला 26 नं भागा, 15 नं गुणा, मग 22 नं गुणा. येतात 2 लाख 53 हजार 846 रुपये. आता टेबलामागे बसलेल्या माणसाला हा नियम माहीत नाही आणि त्यानं सवयीनं 30 नं भागलं, तर येतात 2 लाख 20 हजार. जवळजवळ 34,000 रुपये त्या कामगाराच्या ताटातून गेले, आणि त्याला कळलंही नाही. एचआर शिकलेल्या माणसाची किंमत मी इथं मोजतो. ज्या अभ्यासक्रमात हा हिशोब शिकवत नाहीत, त्यासाठी कर्ज काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

(दृश्य : सयाजीबाग.)

शिक्षणावरच्या खर्चाचा एक करार बडोद्याच्या इतिहासात कायमचा नोंदलेला आहे. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांच्या संस्थानानं भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी. 1917 मध्ये ते नोकरीसाठी इथं आले तेव्हा जातीमुळे या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, आणि त्यांना परत जावं लागलं. बडोदेकरांनी ही गोष्ट विसरता कामा नये. पुढे 1942 ते 1946 तेच आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. 1946 च्या दुरुस्तीनं कारखान्यातल्या कामाचे आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आले. मकरपुऱ्याच्या त्या लहानशा खोलीत 48 तासांच्या वरच्या कामाला दुप्पट दरानं ओव्हरटाइम लावला जातो, तेव्हा बडोद्यानं भरलेल्या त्या फीचा परतावा कामगाराच्या खिशात जात असतो.

(दृश्य : पुन्हा दांडिया बाजारातलं घर.)

जमशेदपूरची एक्सएलआरआय, मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, यांची गोष्ट वेगळी. तिथं येणाऱ्या कंपन्या वेगळ्या, पगार वेगळे, म्हणून मोठं कर्जही फिटतं. तिथं नंबर लागला तर जावं. पण तिथला पगार डोळ्यांसमोर ठेवून दुसऱ्याच कुठल्या संस्थेची फी भरू नये.

या मुलीनं तिन्ही संस्थांना फोन करून तेच प्रश्न विचारले. मागच्या दोन तुकड्यांतले किती जण कुठं लागले? पद कोणतं? दरमहा हातात किती? एका ठिकाणाहून फक्त सर्वांत मोठ्या पॅकेजचा आकडा मिळाला. पॅकेजमध्ये मालकाच्या वाट्याचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते, कधी विम्याचा हप्ताही. म्हणून वर्षाचं 3 लाख 60 हजारांचं पॅकेज म्हणजे महिन्याला 30,000 हातात, असं होत नाही. पगारपत्रकं करणाऱ्या या मुलीला ते सांगावं लागलं नाही.

तिच्याजवळ आणखी एक गोष्ट आहे, जिची फी कुठंच भरावी लागत नाही. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, आणि उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कंत्राटी कामगारांशी हिंदी. कामगार आपली अडचण आपल्या भाषेत सांगतो. ती कळणारा माणूस कारखान्याला बाहेरून आणावा लागतो. बडोद्याच्या मराठी घरांत तो जन्मतःच तयार होतो. आपली मुलं मुलाखतीत हे सांगायला कचरतात, इंग्रजी कच्चं आहे म्हणून खाली मान घालतात. मोकळेपणानं सांगावं.

तिनं विद्यापीठाचा अर्ज पहिला भरायचं ठरवलंय. तिथं जागा मिळाली तर नोकरी सोडायची, नाही मिळाली तर सोडायची नाही : आणखी एक वर्ष पगारपत्रकं करायची, संध्याकाळी कामगार कायद्याची पदविका घ्यायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा. दहा लाखांच्या कर्जाला तिच्या वडिलांनी नकार दिलेला नाही. त्यांनी एवढंच सांगितलंय, "ज्या पोस्टसाठी हे शिकायचंय, त्या पोस्टवरच्या दोघांना आधी भेटून ये, मग सही करतो."