उजव्या हाताला नर्मदा

कार्तिकी एकादशीने चातुर्मास संपला की ओंकारेश्वरच्या दक्षिण तटावरील घाटांवर मराठी बोलणे सतत कानावर पडू लागते. नर्मदा परिक्रमेचा, म्हणजे नदीला पायी प्रदक्षिणा घालण्याचा, संकल्प सोडण्यासाठी बसलेल्यांमध्ये साधू असतात, शेतकरी असतात, आणि त्यांच्याच शेजारी पुणे, नाशिक, सांगली, डोंबिवली अशा ठिकाणांहून एकेकटी आलेली, साठीच्या आसपासची माणसेही असतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेले असते, कुणी एसटीतून, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेतून. घर आहे, मुले मार्गी लागली आहेत, निवृत्तिवेतन सुरू आहे. तरीही पुढचे चार-पाच महिने रोज नव्या गावी पथारी पसरायची, असे या माणसांनी ठरवलेले असते.

अमरकंटकला उगम पावून भरूचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळणारी नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब आहे, आणि तिच्या दोन्ही तटांनी पायी फिरायचे म्हणजे अडीच हजार किलोमीटरांहून अधिक चाल होते. परंपरेने या परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत. आज बहुतेक पदयात्री ती एका हंगामात, पावसाळ्याआधी पुरी करतात. वाहनाने ती दोन-तीन आठवड्यांतही होते, पण तो वेगळा प्रवास आहे.

नियम मोजके आहेत. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, तिचे पात्र ओलांडायचे नाही, तिचे जल कुपीत घेऊन चालायचे आणि उद्यासाठी साठवण करायची नाही. ओंकारेश्वराचे ज्योतिर्लिंग नदीतल्या मांधाता बेटावर असल्यामुळे परिक्रमा सुरू असेपर्यंत त्याचेही दर्शन घेता येत नाही. या नियमाची खरी किंमत कळते ती गुजरातेत. दक्षिण तटावरच्या गोरा गावाहून समोरच्या तटावरचे गरुडेश्वर काही किलोमीटरवर आहे. सिंधुदुर्गातल्या माणगावात १८५४ साली जन्मलेल्या टेंबे स्वामींची, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींची, १९१४ सालची समाधी तिथे आहे, आणि अनेक मराठी परिक्रमावासींची त्या स्थानावर निष्ठा आहे. पण नदीवर पूल असूनही त्यांना तो वापरता येत नाही. समुद्रापर्यंत चालायचे, विमलेश्वरहून भरतीची वेळ साधून नावेने उत्तर तटावरच्या मिठीतलाईला उतरायचे, आणि मग उलट दिशेने चालत गरुडेश्वर गाठायचे. वेळ वाचवण्यातच नोकरीची पस्तीस वर्षे गेलेल्या माणसाला हा वळसा आधी निरर्थक वाटतो.

निवृत्त माणसाच्या मागे निघण्यापूर्वी आणखी एक काम असते. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून बहुतेकांना नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि परिक्रमेचा हंगामही नेमका त्याच सुमारास सुरू होतो. हल्ली मोबाइलवर चेहऱ्याची पडताळणी करूनही हा दाखला देता येत असल्यामुळे पूर्वीइतकी अडचण राहिलेली नाही. तरीही आपण जिवंत असल्याची खात्री आधी सरकारला पटवून मगच स्वतःच्या शोधात निघावे लागते, ही गोष्ट गमतीची आहे. पाठीवरच्या पिशवीत दोन जोड कपडे, कांबळे, ताटली, रक्तदाबाच्या गोळ्या आणि ठिकठिकाणच्या आश्रमांचे शिक्के घेण्यासाठीचा कागद एवढे पुरते. घरच्यांनी आग्रहाने भरलेले बाकीचे सामान पहिल्या काही मुक्कामांतच वाटून टाकले जाते.

दिवसभर एकट्याने चालून संध्याकाळी आश्रमाच्या दारात उभे राहिले की विचारणा होते, ‘कितने मूर्ती?’ नाव, गाव, हुद्दा यांची चौकशी नंतर झाली तर होते. आधी किती जणांचे पीठ मळायचे एवढेच ठरायचे असते. जिथे सदाव्रत, म्हणजे मोफत अन्नदानाची सोय, आहे तिथे सीधा मिळतो, म्हणजे पीठ, डाळ, मीठ घेऊन आपले आपण रांधायचे. जिथे आश्रम नाही तिथे एखाद्या घराच्या ओसरीवर आसन लावायचे आणि समोर येईल ते टिक्कड, म्हणजे जाड रोटी, आणि भाजी खायची. आमच्या मते निवृत्त माणसाची खरी परीक्षा चालण्यात नसून या घेण्यात आहे. ज्याच्या खात्यात दरमहा ठरलेली रक्कम जमा होते, त्याने ज्याच्या घरी धान्य मोजून आहे अशा माणसाकडून जेवण घ्यायचे, आणि पैसे पुढे केले तर यजमानाने हात जोडून ते नाकारायचे, हे पचायला जड जाते. सहीचा अधिकार असताना देणे सोपे होते; परतफेडीची सोय नसलेले घेणे मात्र उतारवयात नव्याने शिकावे लागते. आयुष्यभर सर्वांना वाढून शेवटच्या पंगतीला बसलेल्या बाईच्या बाबतीत तर हा फरक आणखी ठळक असतो, कारण इथे तिला बसवून, आग्रह करून वाढले जाते.

एकांताबद्दलही गैरसमज असतात. सुरुवातीच्या दिवसांत चालणाऱ्याच्या सोबतीला नदीपेक्षा जुने कार्यालयच अधिक असते: हुकलेली बढती, अकारण झालेली बदली, भावाशी वाटणीवरून झालेला वाद. हे सारे मनात पुन्हा पुन्हा येते, त्याची उत्तरे तयार होतात, आणि ऐकायला कुणी नसल्यामुळे हळूहळू त्यांचा जोर ओसरतो. रात्री धर्मशाळेत शेजारच्याच्या घोरण्यावर चिडणारा माणूसही आपणच असतो, हेही तिथेच कळते. स्वतःचा शोध म्हणतात तो बराचसा असा, फारसा सुखावह नसलेला असतो.

मार्गातला एक तुकडा महाराष्ट्राचा आहे. बडवानीनंतर काही जण शहादा-प्रकाशामार्गे जातात, तर काही जण धडगाव-मोलगीच्या डोंगरांतून शूलपाणीच्या झाडीची वाट धरतात. एके काळी या झाडीत परिक्रमावासींना अंगावरच्या कपड्यांसह लुटले जाई. आज त्याच डोंगरांतल्या आदिवासी पाड्यांवर त्यांच्या मुक्कामाची आणि जेवणाची सोय होते. या भागाने दिलेली किंमत मात्र मोठी आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली आणि नंदुरबार जिल्ह्यातली इतर गावे बुडाली, शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही बुडाले आणि नवे गोऱ्याला बांधावे लागले. १३८.६८ मीटर उंचीच्या या धरणाचे लोकार्पण २०१७ साली झाले. बुडिताच्या काठावर राहिलेल्या माणसाने वाढलेले ताट समोर असताना आपल्या नळाचे पाणी आणि घरातली वीज कुठून येते, हा प्रश्न शहरी माणसाला टाळता येत नाही.

सगळेच परिक्रमा पूर्ण करतात असे नाही. गुडघे सुजतात, घरून आजारपणाचा फोन येतो, आणि काही जण वाटेतूनच परततात. त्यांतले काही पुढच्या वर्षी त्याच गावाहून खंड परिक्रमा, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी केलेली परिक्रमा, सुरू करतात. शास्त्राला ती मान्य आहे की नाही, यावर आश्रमांत तावातावाने वाद होतात. पूर्ण करून परतलेल्यांपैकी थोडे असेही असतात की ज्यांना घरी करमत नाही. ते नदीकाठी एखादी खोली घेतात, येणाऱ्यांसाठी चूल पेटवतात आणि निवृत्तिवेतनातला बराच भाग डाळ, पीठ आणि चहापत्तीवर खर्च करतात. घरच्यांना हा हिशेब पटतोच असे नाही.