पोपड्यांखालचे रंग

पुण्याच्या पेठेतल्या एका जुन्या वाड्याचं हे माजघर. पत्र्यानं खरवडलं की आधी प्लास्टिक पेंटचे पोपडे सुटतात. त्याखाली क्रीम डिस्टेंपर, मग पिस्ता, कोनाड्याच्या कडेला थोडा गुलाबी. आणि तळाशी, बोटभर जागेत, नीळ घातलेला चुना.

हा निळा आजच्या कुठल्या शेडकार्डावर सापडणार नाही. तो घरीच व्हायचा.

पिंपात पाणी, पाण्यात कळीचा चुना. खाली जाळ नाही, तरी बघा कसं खदखदतंय. कारागीर मागे सरकलाय तो उगाच नाही. शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा गमवायची वेळ येते. विरलेला चुना झाकून ठेवायचा, मुरेल तितका चांगला. मग फडक्यातून गाळून ताकासारखा पातळ करायचा आणि त्यात भिजवलेला डिंक घालायचा.

रंग मोजकेच. पिवळ्याला पिवडी, तांबड्याला गेरू नाहीतर हिरमुजी, निळ्याला कपड्यांची नीळ. चुन्याचा क्षार भल्याभल्या रंगांना खाऊन टाकतो, हे मात्र त्याला पुरून उरतात.

भिंत ओली करून घेतलीय. कुंचा आधी आडवा, मग उभा. पहिल्या हाताला काही दिसत नाही ना? वाळू द्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याची पुन्हा चुनखडी होते आणि रंग तिच्यातच अडकतो. हा तिसरा हात. आता बघा.

पुढे डिस्टेंपर आला. खडूची पूड आणि सरस. टेकलं की सदऱ्याला लागायचा. 1942 साली मुंबईत एशियन पेंट्स सुरू झाली. या जुन्या डब्यावरचा ब्रश घेतलेला पोरगा म्हणजे तिचा गट्टू, 1954 मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला. जिन्यात दिसतोय तो ऑइलपेंटचा पट्टा: खांद्यापर्यंत चकचकीत, वर डिस्टेंपर, मधे गडद रेघ. चाळी, शाळा, दवाखाने, सगळीकडे हाच.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, तेव्हा तो कोरडा घासू नका. आणि प्लास्टिक पेंटखाली ओल कोंडते, चुन्याचा गिलावा फुगतो, तो हा असा.

माजघर आणि ओटीला आता चुनाच द्यायचाय. स्वयंपाकघरात मात्र घरच्यांना ऑइलपेंटच हवाय. फोडणीचे डाग पुसता येतात, म्हणे.