मायची बहीण मारिया आणि आमचा एक रविवार

मायएसक्यूएल हा फुकटात मिळणारा डेटाबेस, म्हणजे माहिती साठवायचं सॉफ्टवेअर. त्यातला 'माय' म्हणजे इंग्रजीतला 'माझं' वाला माय नाही बरं का, ते एका मुलीचं नाव आहे. फिनलंडचा मायकेल विडेनियस, सगळे त्याला मॉंटी म्हणतात, त्याची ही लेक. १९९५ मधे स्वीडनला कंपनी सुरू झाली, २००८ मधे सन मायक्रोसिस्टिम्सनी ती १०० कोटी डॉलरला घेतली, आणि जानेवारी २०१० मधे ओरॅकलनी अख्खी सनच घेतली. म्हणजे फुकटातला डेटाबेस गेला कोणाच्या घरी, तर महागडा डेटाबेस विकणाऱ्याच्या. हे होणार असं दिसल्यावर मॉंटीने २००९ मधेच तोच कोड घेऊन वेगळी चूल मांडली आणि नाव दिलं धाकट्या लेकीचं, मारिया. २०१३ मधे विकिपीडिया मारियाडीबीवर गेला, आपला मराठी विकिपीडियाही त्यावरच चालतो.

तिसरा डेटाबेस पोस्टग्रेस. १९८६ चं बर्कली विद्यापीठातलं काम, एकट्या कुठल्या कंपनीच्या मालकीचं नाही, त्यामुळे उद्या कोणी विकत घेईल ही धास्तीच नाही. मग सगळ्यांनी तिकडेच जावं का? उबर गेले होते की, मायएसक्यूएल सोडून. आणि २०१६ मधे जाहीर सांगून परत मायएसक्यूएलकडे आले, कारण पोस्टग्रेसमधे रो, म्हणजे टेबलातली एक ओळ, अपडेट झाली की तिची नवी कॉपी बनते आणि बऱ्याचदा सगळ्या इंडेक्समधे, म्हणजे पटकन शोधायच्या सूचींमधे, नवी नोंद करावी लागते, त्यांच्याकडे हे लिखाण झेपेना. पण उबरला जे झेपत नाही ते तुमच्या आमच्या दुकानाला सहज झेपतं, हे पण लक्षात ठेवा.

आमचं दुकान म्हणजे एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर. एका रविवारी ते मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर न्यायचं होतं, पीजीलोडर नावाचं टूल बरंचसं आपोआप करतं, पण आम्ही शहाणे, स्वतःची स्क्रिप्ट लिहिली. पहिला दणका तारखांचा. जुन्या लोकांनी जन्मतारीख माहीत नसली की ०००० साल, ०० महिना, ०० दिवस असं भरलेलं, मायएसक्यूएलनी वर्षानुवर्षं ते गपचूप सांभाळलं, पोस्टग्रेस म्हणे असली तारीखच नसते. त्याचं बरोबरच आहे म्हणा.

दुसरी गंमत आपल्या भाषेची. पावतीवर नाव मावावं म्हणून लेंग्थ, म्हणजे लांबी मोजणाऱ्या फंक्शनचं उत्तर, साठच्या आत असा चेक होता. आता 'मराठी' हा शब्द घ्या, म, र, काना, ठ, वेलांटी, झाले पाच. मायएसक्यूएलचं लेंग्थ अक्षरं नाही, ती साठवायला लागणारे बाइट मोजतं, देवनागरीत एकेकाला तीन, म्हणून उत्तर १५. पोस्टग्रेसचं लेंग्थ सांगतं ५. फंक्शनचं नाव तेच, एरर कुठेच नाही, फक्त आधी विसाच्या आसपास अडवणारा चेक आता साठपर्यंत सोडायला लागला आणि सोमवारी लांब नावं पावतीच्या कडेबाहेर जायला लागली.

आणि त्याच सोमवारी सकाळी काउंटरवरच्या ताईंनी पहिला नवा सभासद भरला तर डुप्लिकेट की, म्हणजे हा नंबर आधीच कोणाला तरी दिलाय! डेटा सगळा आला होता, पण पुढचा नंबर देणारा सिक्वेन्स आम्ही पुढे सरकवलाच नव्हता, तो बिचारा १ पासून सुरू. उपाय काय, तर सिक्वेन्स पुढे सरकवणाऱ्या सेटव्हॅल फंक्शनची एक ओळ. ताईंना म्हटलं परत दाबा, त्या म्हणाल्या, आता तरी घेईल ना?

घेतलं.