लहान खोलीतलं हवेचं मशीन

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या हिवाळ्यात माझ्या मुलानं पुण्याहून एक खोकं पाठवलं. उघडलं तर आत पांढरंशुभ्र, दुधाच्या कॅनएवढं एक मशीन. आईनं ते चहूबाजूंनी न्याहाळलं, वरच्या जाळीत डोकावली आणि म्हणाली, "याच्यात पाणी कुठून टाकाचं बाप्पा?"

तिचं काही चुकलं नाही. आपल्या विदर्भात हवेचं मशीन म्हणजे कूलर, आणि कूलर म्हटला की पाणी आलंच. मी मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो, हिंगणघाटकडच्या एका गावात. होळी जवळ आली की माझ्याकडे कूलरच्या मोटारी येतात, आणि पेरणीपाण्याच्या दिवसांत विहिरीवरचे पंप. त्यामुळं नवीन वस्तू आधी चालू करायची सोडून मी आधी उघडतो. हेही उघडलं. आत एक पंखा आणि त्याच्याभोवती गुंडाळलेलं घड्याघड्यांचं एक गाळणं. बाकी बटणं, दिवे, मोबाइलवरून चालू-बंद करायची सोय, हा सगळा वरचा शृंगार. एअर प्युरिफायर म्हणतात तो हाच.

आईला दमा आहे, म्हणून मुलानं पाठवलं. तिचा पंप, म्हणजे डॉक्टरांनी दिलेला ओढायचा पंप, सुरूच आहे आणि तो या मशीनमुळं बंद होणार नाही, हे आधीच सांगतो. पण दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे आपल्याकडचे दिवस आठवा. सोयाबीनचा हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, चालून गेलेला असतो, कुटार म्हणजे भुसा उडून अंगणभर झालेलं असतं, जिनिंगकडं कापसाच्या गाड्या लागलेल्या असतात. संध्याकाळी घरोघरी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांची, चूल पेटते, आणि तो धूर वर जातच नाही. घरांच्या कवेलूंच्या थोडा वर, अंथरूण पसरावं तसा गावावर पसरून राहतो. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं, आणि धूर त्या झाकणाखाली अडकतो. सकाळी आपण त्याला धुवारी, म्हणजे धुकं म्हणतो, पण त्यातली बरीचशी धुवारी चुलीतून आलेली असते. वणी, घुग्घुस, चंद्रपूरकडच्या श्रोत्यांना यात कोळशाची भर मी सांगायला नको.

यातली कुटाराची धूळ दिसते, शिंका येतात, नाकात बरीचशी अडते. त्रास देतो तो न दिसणारा बारीक कण. पीएम २.५ म्हणतात तो, म्हणजे अडीच मायक्रॉनच्या आतला. डोक्याचा केस त्याच्या वीस-तीस पट जाड. हा कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे दिवसभराची सरासरी हवेच्या एका घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली. चुलीच्या बंद स्वयंपाकघरात हा आकडा शेकड्यांत जातो.

आता गाळण्याचं बघू. त्याला हेपा म्हणतात. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बचं काम चाललं होतं, तिथं किरणोत्सारी कण अडवायला त्याचा जन्म झाला. लोकांना वाटतं ही बारीक चाळणी आहे. चाळणी नव्हे. जिनिंगकडं जाणारा रस्ता आठवा: दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले असतात. बाभूळ काही चाळत नाही. गाडीतून उडालेला कापूस काट्याला लागतो आणि तिथंच राहतो. हेपामध्ये बारीक तंतूंचं असंच काटेरी रान असतं. मोठा कण सरळ जाऊन आदळतो. अगदी बारका कण झिंगल्यासारखा वेडावाकडा फिरतो, म्हणून तोही कुठंतरी चिकटतो. सुटायची जास्त शक्यता असते मधल्या कणाला, साधारण ०.३ मायक्रॉनच्या. म्हणून परीक्षा त्याच आकाराजवळ घेतात. युरोपच्या प्रतवारीत एच १३ म्हणजे सगळ्यात कठीण कणांपैकीही ९९.९५ टक्के अडवणारं गाळणं. खोक्यावर 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखं' लिहिलं असेल तर ते हेपा नाही असं समजा.

पण दुकानदार तुम्हाला ९९ पूर्णांक किती ते सांगत बसेल आणि तुम्ही फसाल. गाळणं कितीही उत्तम असो, त्यातून हवाच जात नसेल तर काय उपयोग? पंपाचं कसं असतं? पाणी स्वच्छ येतं हे ठीक, पण तासाला किती येतं यावर ओलीत ठरतं. तसंच इथं. तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते, त्या आकड्याला सीएडीआर म्हणतात. एकच आकडा विचारायचा असेल तर हाच विचारा.

किती लागतो ते काढणं सोपं आहे. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि साताने भागा. माझ्या आईची खोली दहा बाय बारा, उंची दहा. गुणाकार १२००, भागिले सात, म्हणजे १७० च्या आसपास. इतका सीएडीआर असला की खोलीतली सगळी हवा तासात पाच वेळा गाळून निघते. दम्याच्या माणसाच्या खोलीत एवढं हवं.

आता बाजारातली लहान मशीनं या मापानं लावून बघू. फिलिप्सचं एसी ०८२० नावाचं एक लहान मॉडेल आहे, त्याचा सीएडीआर १९०. शाओमीचं फोर कॉम्पॅक्ट, २३०. लेव्हॉइटचं कोअर ३००, साधारण २४०. त्याच्या नावातले ३०० म्हणजे सीएडीआर नव्हे, फसू नका. शिवाय अमेरिकी पद्धतीनं त्याचा आकडा मिनिटाला १४१ घनफूट असा देतात. तसा आकडा दिसला तर १.७ ने गुणायचं. कागदावर तरी आईच्या खोलीला तिन्ही पुरतात. पहिलं काठावर पास, बाकीची दोन जरा मोकळी.

मजा मात्र पुढं आहे. खोक्यावर 'इतक्या चौरस मीटरच्या खोलीला चालेल' असं लिहिलेलं असतं. १९० वालं मशीन म्हणतं ४९ चौरस मीटर. २३० वालं म्हणतं १६ ते २७. जास्त हवा देणारं मशीन लहान खोली सांगतं आणि कमी देणारं दुप्पट मोठी! खोटं कोणीच बोलत नाही. दोघांचं हिशेबाचं सूत्र वेगळं. पण ४९ चौरस मीटर म्हणजे सव्वापाचशे चौरस फूट. दहा फूट उंचीच्या तेवढ्या जागेत ते मशीन तासाला जेमतेम सव्वा वेळा हवा फिरवेल. त्यामुळं खोक्यावरच्या चौरस मीटरकडं पाहूच नका. साताचा भागाकार करा.

आणखी एक गोम आहे. छापलेला सीएडीआर असतो तो पंखा पूर्ण वेगात असताना. रात्री त्या वेगात आवाज येतो, म्हातारं माणूस म्हणतं "बंद कर ते घरघर", आणि आपण सगळ्यात हळू वेगावर टाकतो. तिथं मिळणारी हवा फारच कमी होते. म्हणून हिशेबानं १७० आले तर २५०-३०० चं घ्यावं आणि मधल्या वेगावर चालवावं. शेताला तीन एचपी पुरत असताना आपण पाच एचपी बसवतो ती हौस असते. इथं मात्र ती गरज आहे.

पेल्याएवढी, मोबाइलच्या चार्जरवर चालणारी मशीनं येतात, त्यांच्याबद्दल थोडक्यात. मीही एक मागवलं होतं, मुलाच्या आधी. खोक्यावर सीएडीआरच नव्हता. उघडलं तर आत भांडी घासायच्या स्पंजसारखा एक तुकडा आणि निळा दिवा. त्यातला पंखा काढून मी दुकानात सोल्डरिंगचा धूर बाजूला सारायला लावलाय, तिथं बरा चालतो. 'आयन सोडून हवा शुद्ध करतो' म्हणणाऱ्या मशीनपासूनही दूर राहा. त्यातल्या काहींतून ओझोन निघतो, आणि दम्याच्या माणसाला ओझोन म्हणजे दुखण्यात भर. वासासाठी कोळशाचं गाळणं असतं. पातळ काळी जाळी असेल तर तिचा फारसा उपयोग नाही, पाव-अर्धा किलो कोळशाचे दाणे असतील तर थोडा.

आता कूलरवाल्यांनी, म्हणजे आपण सगळ्यांनी, एक सवय उलटी करायची आहे. कूलर लावला की खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर खोली कोंदट होते. इथं दारं-खिडक्या लावायच्या. पहिले आठ दिवस आमच्या घरी आई खिडकी उघडी टाकून झोपायची, आणि मशीन बिचारं सगळ्या गल्लीची हवा गाळत बसायचं. स्लॅबची खोली असेल तर उत्तम. कवेलूंच्या किंवा टिनाच्या घरात भिंत आणि छप्पर यांच्यात हातभर फट असते. तिथं खालून छत बांधल्याशिवाय हे मशीन घेऊ नका. स्पष्टच सांगतो, ते पैसे धुराडं बांधायला वापरा.

बंद खोली म्हटली की एक धोका येतो. थंडीत शेगडी किंवा घमेल्यात निखारे घेऊन खोलीत झोपायची सवय काही घरांत अजून आहे. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि हेपा त्याला अडवू शकत नाही, कारण तो कण नाही, वायू आहे. मशीनवर हवा चांगली असल्याचा हिरवा दिवा लागलेला असेल आणि माणूस झोपेतच जाईल. बंद खोलीत विस्तव न्यायचाच नाही, मशीन असो वा नसो.

डासांच्या कॉइलचंही तसंच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळलं की एक कॉइल पूर्ण जळली तर तिच्यातून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात. मी मशीनसमोर कॉइल लावून पाहिली. मशीनवरचा पीएम २.५ चा आकडा बघता बघता चारशेच्या वर गेला, पंखा आपोआप किंचाळायला लागला. एका कोपऱ्यात कॉइल आणि दुसऱ्या कोपऱ्यात प्युरिफायर म्हणजे एकानं पाणी सोडायचं आणि दुसऱ्यानं उपसायचं. आम्ही मच्छरदाणी लावली. खरं सांगायचं तर आईचा रात्रीचा खोकला पहिल्यांदा कमी झाला तो मच्छरदाणीनं, मशीननं नंतर.

विजेचं काय, असं सगळे विचारतात. ही मशीनं पूर्ण वेगातही साधारण २० ते ४५ वॉट खातात. साधा छताचा पंखा ७५ खातो. ३० वॉटचं मशीन रोज दहा तास चाललं तर महिन्याला नऊ युनिट. इन्व्हर्टरवर निवांत चालतं. अडचण वेगळीच आहे: आपल्याकडं लाइट रात्रीतून तीनदा जाते-येते. काही टचबटणांची मशीनं लाइट आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत, तशीच मुकाट बसून राहतात. म्हणून दुकानात मशीन चालू करायला सांगा, मग बोर्डावरचं बटण बंद करून पुन्हा सुरू करा. पंखा फिरला तरच पैसे द्या. खटका असलेलं, फिरवायच्या बटणाचं साधं मशीन या बाबतीत कधीही चांगलं.

खरा खर्च आहे गाळण्याचा. वर्षाला एक धरा, हजारापासून तीन हजारांपर्यंत. 'बारा महिने टिकेल' हे शहराचं गणित. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या मशीनची बाहेरची जाळी पंधरा दिवसांत पांढऱ्या लोकरीनं भरली, गाळलेली रुई जणू. ती जाळी आठवड्याला ब्रशनं झाडायची. आतला हेपा मात्र कधीही धुवायचा नाही. धुतला की तंतू चिकटतात, आणि मग बाभळीचं रान उरत नाही. घेण्याआधी त्याच मॉडेलचं गाळणं तालुक्याला किंवा पोस्टानं मिळतं का, हे विचारून घ्या. मशीन स्वस्त आणि गाळणं मिळतच नाही, अशी दोन मशीनं माझ्या दुकानाच्या माळ्यावर पडून आहेत.

शेवटचं सांगतो. आमच्या शेजारच्या काकाजींनी माझं पाहून तसंच मशीन घेतलं. तीन महिन्यांनी म्हणाले, "भाऊ, तुझ्या नादानं पैसे गेले. काहीच फरक नाही." मी गेलो, मागचं झाकण फिरवून काढलं, गाळणं बाहेर ओढलं. कोरं करकरीत. कारखान्यातून येताना त्याला जी प्लास्टिकची पिशवी चढवलेली असते ती तशीच, गाठीसकट. तीन महिने पंखा नुसता त्या पिशवीवर फुंकर मारत होता. तेव्हा मशीन घरी आलं की पहिल्यांदा ते झाकण उघडा. काकाजींनी ती पिशवी मात्र फेकली नाही. चांगली जाड आहे म्हणून त्यात तुरीचं बियाणं भरून ठेवलंय.

नमस्कार.