झिजलेल्या गिटारीचा गाणारा

नमस्कार, श्रोतेहो.

आयरिश गायक ग्लेन हॅन्सार्डची गिटार पाहिली की नजर आधी तिला पडलेल्या भोकाकडे जाते. मधलं गोल भोक नव्हे, ते सगळ्याच गिटारींना असतं. त्याच्या खाली, जिथं उजव्या हाताचे फटके बसतात, तिथलं लाकूड झिजून झिजून आरपार गेलंय.

ग्लेन आयर्लंडमधल्या डब्लिनचा. जन्म १९७० चा. तेराव्या वर्षी शाळा सोडून तो रस्त्यावर गायला उभा राहिला. तिथं तिकीट काढून कुणी बसलेलं नसतं. चालणाऱ्याचे पाय थांबवायचे तर घशाच्या शिरा ताणून गावं लागतं. ती सवय त्याच्या गाण्यातून कधी गेलीच नाही, आणि मला तो आवडतो तो त्यासाठीच.

१९९० मध्ये त्यानं ‘द फ्रेम्स’ हा बँड काढला. पुढच्याच वर्षी ‘द कमिटमेंट्स’ या चित्रपटात तो गिटारवादक झाला. चित्रपट गाजला, पण आपलं संगीत त्यामुळे बाजूला पडतंय असं त्याला वाटलं. मग बरीच वर्षं तो अभिनयाकडे फारसा फिरकला नाही.

त्याला परत आणलं जॉन कार्नी यांनी. हे दिग्दर्शक एके काळी त्याच्याच बँडमध्ये बेस गिटार वाजवायचे! त्यांच्या ‘वन्स’ या चित्रपटासाठी ग्लेननं फक्त गाणी द्यायची होती, नायक दुसराच ठरला होता. तो गळला आणि भूमिका ग्लेनकडे आली. चित्रीकरण सतरा दिवसांत उरकलं. डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटवर कॅमेरा इतका लांब ठेवला की येणाऱ्या-जाणाऱ्यांना पत्ताच नव्हता.

त्यातला वाद्यांच्या दुकानातला प्रसंग जरूर पाहा. नायिका मार्केटा इर्ग्लोव्हा पियानोवर बसलीय. तो तिला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, सांगतो, ती चाचपडत वाजवते, आणि बघता बघता तिचा सूर त्याच्या सुरात मिसळतो. तिथं ग्लेन अभिनय करतच नाही. आपलं गाणं पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाती देताना माणूस जसा अवघडतो, तसा तो अवघडलाय. कसलेल्या नटाला हे जमलं असतं, असं मला वाटत नाही.

२००८ मध्ये त्याच गाण्यासाठी दोघांना ऑस्कर मिळालं. मंचावर मार्केटा बोलणार तोच, वेळ संपल्याची खूण म्हणून, वाद्यवृंद सुरू झाला. जाहिरातींनंतर सूत्रसंचालकानं तिला मुद्दाम पुन्हा मंचावर बोलावलं.

आणि ग्लेन? ऑस्करनंतरही नाताळच्या आदल्या संध्याकाळी, बेघरांसाठी पैसे जमवायला, तो ग्राफ्टन स्ट्रीटवर गिटार घेऊन उभा राहिलाय.